नाव नसलेल्या माणसांचा शोध
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. त्यांत माणसांचा व्यापार आहे. अमेरिकेत तो सुमारे अडीचशे वर्षे चालला. १८६० साली तिथे ३९ लाखांवर माणसे गुलाम होती. १८६५ साली ती प्रथा कायद्याने मोडली. ती मोडणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना जोतिरावांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला, हे आपण जाणतोच. त्या गुलामांची पतवंडे-खापरपतवंडे आज आपल्या पूर्वजांचा माग काढतात. तो कसा, ते ऐका.

१८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांची यादी वेगळी केली. तिच्यात नाव मालकाचे! गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग. त्याच्या नावाला रकानाच नव्हता. १८७० च्या शिरगणतीत मात्र ही सारी माणसे नावानिशी आली. म्हणून शोध घेणारा १८७० पासून मागे जातो. तिथे अडला, की मालकाच्या मालमत्तेच्या याद्या चाळतो. बैल, घोडे, नांगर आणि त्यांच्याच ओळीत माणसे, पुढे किंमत! ज्या कागदाने पणजीला जनावर ठरवले, त्याच कागदात कधी कधी तिचे नाव सापडते. मन किती कठोर करावे लागत असेल!

पण काही कागदांत ती माणसे स्वतः बोलली. १८६५ साली मुक्त झालेल्यांसाठी बचत बँक निघाली. खाते उघडताना आई-बाप, भावंडे, जुना मालक यांची नावे विचारून लिहीत. १८७४ साली बँक बुडाली, गरिबांचा पैसा गेला. पण वह्या राहिल्या. विकल्या गेलेल्या लेकरांसाठी आयांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. त्या चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवीत. का? तर ज्याला वाचता येत नाही, त्याच्याही कानी पडावे म्हणून.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी किती जणांना पणजीचे नाव ठाऊक आहे? आपले पूर्वज दुसऱ्यांच्या दप्तरात कसे लिहिले गेले, ते आपल्या हाती नव्हते. आज लेखणी आपल्या हातात आहे, ती बाबासाहेबांमुळे. १९५६ ची धम्मदीक्षा पाहिलेली म्हातारी माणसे आता थोडीच उरलीत. आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसा. नाव, गाव, आई-बाप विचारा आणि वहीत लिहा. उद्या आपल्या नातवंडांना आपले नाव दुसऱ्याच्या यादीत शोधावे लागू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!