श्रुतदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)





आमच्या कन्येच्या स्मृत्यर्थ असलेल्या कर्णबधिर शिक्षण निधीविषयी बोलण्याची विश्वस्तांनी आज्ञा केली. ती शिरसावंद्य मानून चार शब्द बोलतो.

आमची कन्या १९८८ साली जन्मली. ती बोलत नव्हती, तेव्हा वडीलधारी मंडळी म्हणत, "काही मुले उशिराच बोलतात." मीही तेच मानले, तसे मानणे मला सोयीचे होते. ती साडेतीन वर्षांची झाल्यावर श्रवणचाचणी केली आणि तिला ऐकूच येत नाही हे कळले. ती दुकानात गादीवर बसे. ठाणातून कापड फाडू लागलो की त्यावर तळहात ठेवी आणि त्या थरथरीने खुदकन हसे. पुढे कर्णबधिरांच्या शाळेत ती लिहू-वाचू लागली. १९९७ साली, अवघ्या नवव्या वर्षी, अल्पशा आजाराने ती आम्हांस सोडून गेली.

तिच्या स्मरणार्थ सभागृहास देणगी देऊन संगमरवरी पाटी लावावी, असे मी योजिले होते. सौभाग्यवतींनी विचारले, "त्या पाटीने कोणत्या मुलाची साडेतीन वर्षे वाचतील?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती रक्कम मी ट्रस्टकडे ठेव म्हणून सुपूर्द केली. मुद्दल अबाधित ठेवून व्याजातून खर्च होतो.

आपल्या धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. शास्त्रज्ञानास आपण 'श्रुत' म्हणतो, म्हणजे ऐकलेले. आगमही ग्रंथारूढ होण्यापूर्वी गुरुमुखातून ऐकूनच जतन झाले. मग ज्याचे श्रोत्रेंद्रिय साथ देत नाही, त्या बालकापर्यंत ज्ञान डोळ्यांच्या आणि हातांच्या वाटेने पोहोचविणे, हेही ज्ञानदानच होय.

श्रवणयंत्र एकदा दिले की कर्तव्य संपत नाही. मूल वाढते तसा कानही वाढतो. यंत्राचा कानातील साचा वारंवार बदलावा लागतो. बॅटऱ्या संपतात, यंत्र बिघडते. यंत्रवाटपास देणगीदार लाभतात, बॅटरीस क्वचितच. म्हणून आपला निधी साचे, बॅटऱ्या, वाचा-उपचार आणि पालकांचा प्रवासखर्च यांसाठी वापरला जातो.

काळ पालटला आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे केंद्र उभे राहिले. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली.

तरीही पहिले पाऊल घरातूनच पडावे लागते. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करून घ्यावी. बाळ झोपेत असताना ती काही मिनिटांत होते. वेदना होत नाहीत. दोष आढळल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात. उद्या विवाह जुळताना अडचण येईल, या भयाने कृपया काही लपवू नका. व्यापारातील तोटा पुढील हंगामात भरून निघतो, बालपणातील ही वर्षे मात्र परत मिळत नाहीत. हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या घरी पाळणा हलेल तेव्हा पेढ्यांबरोबर ही चाचणीही आठवावी. आमच्या लेकीचे तेच खरे स्मारक ठरेल.

जय जिनेंद्र!