मुलांकडे परदेशी राहायला जाताना आरोग्यविमा

निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी राहायला जायचं ठरलं, की तिकीट, व्हिसा, बँकेची कामं, घराच्या किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या, याचा विचार कित्येक महिने आधी सुरू होतो. विमा मात्र निघायच्या आठवड्यात घेतला जातो, तोही ‘सगळ्यात स्वस्त कोणता?’ एवढंच विचारून. माझा आग्रह आहे, की हप्त्याचा आकडा सर्वांत शेवटी बघा. आधी हे बघा, की त्या देशात तुम्ही कोणत्या नात्यानं राहणार आहात, पाहुणे म्हणून की कायमचे रहिवासी म्हणून. आणि आज तुमच्या अंगात कोणकोणते आजार आहेत.

अमेरिकेपासून सुरुवात करू. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्या आईवडिलांना तिथल्या सरकारी योजनांचा आधार नसतो. हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात कुणालाही तपासावं लागतं आणि जीवावरचं संकट असेल तर प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात, असा तिथला 1986 सालचा कायदा आहे. पण नंतर बिल येतंच, आणि ते मुलांच्या अनेक वर्षांच्या बचतीला हात घालू शकतं.

पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पॉलिसी ढोबळमानानं दोन तऱ्हेच्या असतात. एकीत प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते: हॉस्पिटलच्या एका दिवसाचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके. बिल कितीही येवो, त्यावरचं सगळं तुम्ही भरायचं. दुसरीत सुरुवातीचा काही खर्च तुमचा, आणि पुढे एकूण मर्यादेपर्यंत बिलाचा मोठा वाटा कंपनीचा. पहिली स्वस्त असते, म्हणून पटकन घेतली जाते. साठी उलटलेल्या माणसानं ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही तऱ्हांमध्ये खरी गोम असते ती आधीपासून असलेल्या आजारांची. मधुमेह, रक्तदाब, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी यांचे नेहमीचे उपचार अशा पॉलिसीत सहसा बसतच नाहीत. काही पॉलिसींत जुना आजार अचानक उफाळला तर खर्च मिळतो, पण त्याला वयाची अट असते, रकमेची मर्यादा असते आणि ठरावीक तासांत डॉक्टर गाठावा लागतो. ही कलमं मुलांना शेजारी बसवून शब्दन्‌शब्द वाचा.

कायम वास्तव्याचं ग्रीन कार्ड मिळालं की चित्र बदलतं, मात्र एका दिवसात नाही. 65 वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. तिथे पुरेशी वर्षं नोकरी केलेली नसेल, तर ग्रीन कार्ड घेऊन सलग पाच वर्षं राहिल्यावरच त्या योजनेत पैसे भरून शिरता येतं. मग ही पाच वर्षं कशी काढायची? त्यासाठी 2010 च्या कायद्यानं उभी राहिलेली विम्याची बाजारपेठ आहे. तिथली पॉलिसी जुन्या आजारामुळे नाकारता येत नाही आणि त्या आजाराचे उपचारही तीत बसतात. हप्ता जड असतो, पण मधुमेही माणसासाठी हाच रास्त मार्ग. ग्रीन कार्ड घेऊन गेल्यावर नाव नोंदवायला साधारण साठ दिवसांची मुभा मिळते. ती हुकली तर वार्षिक नोंदणीची वाट पाहावी लागते.

कॅनडात आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि किमान एका वर्षाचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. इथे एक अट फार महत्त्वाची. जुना आजार पॉलिसीत धरायचा, तर पॉलिसी सुरू होण्याआधीचे ठरावीक दिवस, उदाहरणार्थ 90 किंवा 180, तो स्थिर असावा लागतो. आता स्थिर म्हणजे तब्येत बरी वाटणं नव्हे. त्या काळात डॉक्टरांनी गोळी बदलली, नवी दिली, अनेक पॉलिसींत नुसता डोस कमी केला, तरी आजार अस्थिर धरला जातो. म्हणून जायच्या सहा-सात महिने आधीच सगळ्या तपासण्या करून औषधं बसवून घ्या. मात्र विम्यापायी गरजेचं औषध टाळू नका, तब्येत त्याहून मोठी आहे.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे आईवडील मुलांपासून दुखणी लपवतात. ‘तो तिकडे एकटा, कशाला काळजीत घालायचं?’ या मायेपोटी छातीत दुखलेलं सांगत नाहीत, चालू झालेली रक्तदाबाची गोळी सांगत नाहीत. आणि विम्याचा फॉर्म तिकडे बसून तोच मुलगा भरतो! त्याला ठाऊक नसलेला आजार फॉर्मवर येत नाही. पुढे कंपनी जुने कागद मागवते, आजाराचा उल्लेख सापडतो आणि क्लेम नाकारला जातो. तुम्हाला त्याची काळजी वाचवायची असेल, तर सगळं सांगा. वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशनसुद्धा.

आणि इथली, भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बंद करू नका. ‘आता परदेशीच राहायचं, हप्ता कशाला भरा?’ हा हिशेब महागात पडतो. परत यावंसं वाटलं, गुडघ्याचं ऑपरेशन इथेच करायचं ठरलं, तर हीच पॉलिसी कामाला येते. एप्रिल 2024 पासून 65 वर्षांनंतरही नवी पॉलिसी घेण्याची वाट नियमानं मोकळी झाली आहे, हे खरं. पण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तुमची तब्येत पाहून कंपनी नकारही देऊ शकते. मुदत चुकू नये म्हणून हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा आणि वास्तव्य बदलल्याचं कंपनीला लेखी कळवा.

निघण्यापूर्वी दात आणि डोळे इथेच दाखवून घ्या. पाहुण्यांच्या पॉलिसीत त्यांचा नेहमीचा खर्च सहसा नसतो. डॉक्टरांकडून औषधांची यादी इंग्रजीत घ्या, त्यात कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाचं नाव आणि डोस लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डांच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा फोन क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये घाला, कारण हॉस्पिटलमध्ये दाखल होताना पुष्कळ कंपन्यांना आधी किंवा लगेच कळवावं लागतं, आणि त्या वेळी मुलगा किंवा सून ऑफिसात असू शकते.