सरहद्दीवरचा गांडुळांचा डबा

‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र’ हे वाक्य मी चौतीस वर्षे शाळेत शिकवले. फळ्यावर लिहिले, मुलांकडून पाठ करून घेतले, पावसाळ्यात वर्ग बांधावर नेऊन प्रत्यक्ष दाखवले. त्या वाक्यात चूक काही नाही. पण ते अपुरे आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले, आणि तेही गावापासून हजारो कोस दूर, अमेरिका आणि कॅनडा यांच्या सरहद्दीजवळ, एका पेट्रोलपंपावरच्या कचऱ्याच्या पिंपापाशी. ती हकिगत आज सांगतो. गोष्ट मासेमारीची आहे. पण ज्यांनी आयुष्यात गळ हाती धरला नाही, त्यांच्याही उपयोगाची आहे.

२०२४ च्या जून महिन्यात मी लेकीकडे मिनेसोटा राज्यात होतो. दहा हजार सरोवरांचे राज्य म्हणून त्याची ख्याती आहे. जावई गळाच्या मासेमारीचे मोठे शौकीन. त्यांनी बेत काढला, की मी, ते आणि नातू अशा तिघांनी चार दिवस सरहद्दीपलीकडे, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, वॉलआय नावाचा मासा धरायला जायचे. मिनियापोलिस शहराहून उत्तरेला सुमारे पावणेपाचशे किलोमीटर गेले, की इंटरनॅशनल फॉल्स हे अमेरिकेचे शेवटचे गाव लागते. तिथे रेनी नदीवर पूल आहे. पूल ओलांडला, की फोर्ट फ्रान्सिस हे कॅनडाचे गाव.

मला वाटले होते, काठी घ्यावी, गळ घ्यावा आणि निघावे. लहानपणी आम्ही कृष्णाकाठी तसेच करत होतो. उकिरड्याच्या कडेला कुदळीचे दोन घाव घातले, की नारळाच्या करवंटीत मावतील एवढी गांडुळे मिळत. पण जावयांनी वही काढली आणि आधी आमिषाचा हिशेब मांडला. माणशी रोज एक डझन गांडुळे, माणसे तीन, दिवस चार. म्हणजे एकशे चव्वेचाळीस. डझनाचा एक डबा, असे बारा डबे.

मी विचारले, “अहो, नुसती गांडुळेच का? वॉलआय लहान जिवंत माशांवर आणि जळवांवरही चांगला लागतो, असं तुम्हीच म्हणता ना?”

“लागतो, मामा,” ते म्हणाले. “पण जिवंत मासा, जळू, क्रेफिश, यांपैकी काहीही आमिष म्हणून ऑन्टारिओत बाहेरून नेता येत नाही. गांडुळं चालतात, पण मातीशिवाय. कागदाच्या कात्रणांत ठेवलेली असली पाहिजेत. मातीचा कणही चालत नाही.”

माझ्या व्हिसाचे काम त्यांनी कित्येक महिने आधी उरकले होते. मी हसून म्हणालो, “म्हणजे सासऱ्याला व्हिसा लागतो, तसा गांडुळालाही लागतो म्हणायचा!”

निघण्याच्या तीन दिवस आधी दुकानातून गांडुळे आली. चांगली करंगळीएवढी जाड आणि वीतभर लांब. जावयांनी ती मातीतून काढून हलक्या हाताने धुतली. वर्तमानपत्राच्या पट्ट्या ओल्या करून पिळून घेतल्या आणि त्यांच्या अंथरुणावर गांडुळे ठेवली. कागद दमट हवा, पण त्यातून पाणी गळता कामा नये. फार ओला झाला तर गांडूळ गुदमरते. डब्यांच्या झाकणांना बारीक भोके पाडली आणि डबे थंडाव्यासाठी फ्रिजमध्ये ठेवले. दुधाच्या शेजारी गांडुळे पाहून आमची लेक काय बोलली, ते इथे सांगत नाही. प्रवासासाठी बर्फपेटी होती. बर्फाचे पाणी गांडुळांवर ठिबकू नये, म्हणून बाटल्यांत पाणी गोठवून त्या बाटल्या पेटीच्या कडेला लावायच्या आणि डबे मध्ये ठेवायचे. पेटी उन्हात किंवा बंद गाडीत तापू द्यायची नाही. एवढी काळजी घेतली, तर गांडूळ आठवडाभर सहज टिकते.

आता माझी चूक सांगतो. आदल्या रात्री मी एक डबा उघडून पाहिला. ते बिचारे जीव कागदाच्या चिंध्यांत वळवळत होते. मला राहवले नाही. मातीवाचून गांडूळ म्हणजे पाण्यावाचून मासा, असे मनात आले. मी मागच्या बागेत गेलो, छान काळी भुसभुशीत माती आणली आणि प्रत्येक डब्यात मूठ मूठ घातली. कुणाला बोललो नाही. पुण्यकर्म केल्याच्या समाधानात झोपलो.

दुसऱ्या दिवशी सरहद्दीच्या थोडे अलीकडे जावयांनी पेट्रोल भरायला गाडी थांबवली आणि एकदा खात्री करावी म्हणून पेटी उघडली. पहिले झाकण काढले, दुसरे काढले, आणि माझ्याकडे पाहिले.

“मामा, ही माती कुणी घातली?”

मी खरे ते सांगितले. क्षणभर कुणीच काही बोलले नाही. मग नातू म्हणाला, “बाबा, थोडीशीच तर आहे. न सांगता नेली तर कुणाला कळणार आहे?”

मी मनातून त्याच्याच बाजूचा होतो, हे कबूल करतो. पण एका शिक्षकासमोर त्याचा नातू सरळ लबाडीचा मार्ग सुचवत होता, आणि त्या लबाडीचे कारण मीच होतो. मी म्हटले, “नाही बाळ, अधिकारी विचारतील ते खरंच सांगायचं. पण ही गांडुळं इथंच कडेच्या ओढ्यात सोडून देऊ. जगतील तरी.”

“तेच तर करायचं नाही, मामा,” जावई म्हणाले. “इथं धुतली तरी मातीचं पाणी त्या ओढ्यातच जाणार.”

त्यांनी बाराही डबे पिशवीत घालून घट्ट बांधले आणि कचऱ्याच्या पिंपात टाकले. नातवाचे डोळे भरून आले. माझेही मन कष्टी झाले. पुलापलीकडे अधिकाऱ्यांनी विचारले, आमिष आहे का? आम्ही खरे ते सांगितले, की नाही. त्यांनी जाऊ दिले.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी बसून जावयांनी मला समजावले, ते आता माझ्या शब्दांत सांगतो.

सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तो सारा उत्तरेचा मुलूख बर्फाच्या जाड थराखाली होता. बर्फ वितळला, रान उगवले, पण त्या रानात गांडूळ नव्हते. तिथली झाडे गांडुळाशिवायच वाढली. वर्षानुवर्षे पडलेला पालापाचोळा सावकाश कुजायचा आणि त्याची जाड मऊ गादी जमिनीवर राहायची. त्या गादीत झाडांचे बी रुजायचे, रानफुले उगवायची, जमिनीवर घरटे करणारे पक्षी राहायचे. पुढे युरोपातून वसाहतकरी आले. जहाजाच्या तळाशी वजनासाठी भरलेल्या मातीतून आणि रोपांच्या मुळांतून त्यांच्याबरोबर गांडुळे आली. नंतर गळ टाकणाऱ्यांनी उरलेली गांडुळे तळ्याकाठी ओतून ती रानोमाळ पोहोचवली. हे गांडूळ पाचोळ्याची गादी खाऊन टाकते. खाली उघडी जमीन उरते, कोवळी रोपे कमी होतात, रानफुले नाहीशी होतात.

म्हणजे आपल्या शेतात जे काम उपकाराचे, तेच काम त्या रानात अपकाराचे. जीव तोच, गुण तोच; जागा बदलली की फळ बदलते.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गांडूळ आपल्या बळावर वर्षाला जेमतेम पाच-दहा मीटर पसरते. शंभर वर्षांत फार तर एक किलोमीटर. आमच्या गाडीतून ते एका दिवसात पावणेपाचशे किलोमीटर चालले होते! गंमत अशी, की अमेरिकेच्या दुकानांतली ही मोठी गांडुळे पुष्कळदा ऑन्टारिओच्याच शेतांतून येतात. तिथले मजूर रात्री डोक्याला दिवा आणि पायाला डबे बांधून ओल्या शेतातून ती हातांनी वेचतात. जन्म युरोपच्या कुळात, वेचणी कॅनडात, विक्री अमेरिकेत आणि परत प्रवास कॅनडाकडे!

मातीचे तसेच. आपल्याला दिसते ती मूठभर माती. पण तिच्यात तणाचे बी असते, बुरशी असते, सूत्रकृमी असतात. डाळिंबाच्या किंवा केळीच्या मुळांवर गाठी पाहिलेल्या शेतकऱ्याला सूत्रकृमी म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

पाण्याची गोष्ट तर याहून कठीण. जिवंत मासे न्यायचे म्हणजे बादलीभर पाणी न्यायचे. १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला प्रथम सापडला. हा नखाएवढा पट्टेरी शिंपला जहाजांच्या पाण्यातून युरोपकडून आला. त्याची पिल्ले नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. बादलीतले पाणी नितळ दिसते आणि त्यात हजारो पिल्ले असू शकतात. आता तो पाणीपुरवठ्याच्या नळांत गच्च बसतो आणि तो उपसून काढण्यावर फार मोठा खर्च होतो. पुढे २००५ साली माशांच्या अंगांतर्गत रक्तस्राव करणाऱ्या एका विषाणूने ऑन्टारिओ सरोवरात मासे मेले. माणसाला त्याची बाधा नाही, पण मासे मात्र मरतात. तेव्हापासून जिवंत मासळीच्या वाहतुकीवर अधिक कडक बंधने आली.

म्हणून ऑन्टारिओने २०२२ पासून प्रांताचे चार आमिष-विभाग केले आहेत. ज्या विभागातले लहान मासे आणि जळवा, त्या विभागातच वापरायच्या. आम्ही फोर्ट फ्रान्सिसला स्थानिक आमिष विकत घेतले आणि पावती जपून ठेवली. उरलेले आमिष किंवा बादलीतले पाणी तळ्यात तर नाहीच, पण पाण्यापासून तीस मीटरच्या आतही ओतता येत नाही. चार दिवसांत नातवाने सात वॉलआय धरले. परतताना उरलेले आमिष त्याने स्वतःच्या हाताने पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले. या वेळी त्याचे डोळे भरले नाहीत. कारण समजले होते.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, गुरुजी, कॅनडाची कथा ऐकून आम्ही काय करायचे? तर आपल्याकडे आयत्या बिळावरचे नागोबा काही कमी नाहीत. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात दिसू लागले. परदेशी धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. आज कोणत्या बांधावर ते नाही? चिलापी मासा १९५२ साली देशात मुद्दाम आणला गेला. आज आपल्या धरणांच्या जाळ्यांत तोच भरभरून येतो आणि जुन्या देशी माशांची नावे मुलांना सांगावी लागतात. परदेशी मांगूर तर इतर मासे फस्त करतो, म्हणून त्याच्या पालनावर २००० साली बंदी आली; तरी चोरून ते पाळणारे निघतातच.

तेव्हा चार साध्या गोष्टी सांगतो. मत्स्यबीज घ्याल ते खात्रीच्या ठिकाणचेच घ्या आणि कोणत्या जातीचे आहे ते विचारून घ्या. एका तळ्यातले जाळे दुसऱ्या तळ्यात टाकण्याआधी धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. घरच्या काचपेटीतला शोभेचा मासा कंटाळा आला म्हणून विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. ते दान नव्हे. आणि भाड्याचा ट्रॅक्टर शेतात घेण्याआधी त्याच्या नांगराची, चाकांची परक्या रानाची माती झाडून घ्या.

शिक्षकमित्रांना एक प्रयोग सुचवतो. बाजाराच्या दिवशी गावाबाहेरून आलेल्या एखाद्या गाडीच्या चाकाची माती मुलांकडून खरवडून घ्या. पसरट थाळ्यात घाला, रोज पाणी शिंपडा आणि पंधरा दिवस वाट पहा. काय काय उगवते, ते मुलांना मोजू द्या. जे मी चौतीस वर्षांत शिकवू शकलो नाही, ते तो थाळा पंधरा दिवसांत शिकवील.

गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे, हे वाक्य फळ्यावरून पुसू नका. त्यापुढे एवढेच जोडा: त्याच्या जागी. दयेपोटी घातलेली मूठभर मातीसुद्धा परक्या रानाला जड जाऊ शकते. कारण माती नेणारा परत येतो; मातीतून गेलेला जीव मात्र तिथेच राहतो आणि त्याला परत बोलावता येत नाही.