कॅल्क्युलसच्या पुढची वाट
(सुवर्णमहोत्सवी विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



बारावीच्या विज्ञान शाखेत कॅल्क्युलस उत्तम गुणांनी पूर्ण झाले, की घरोघरी समजूत होते, गणित संपले. आता अभियांत्रिकी, नाही तर सी.ए. दोन्ही मार्ग सन्मानाचेच आहेत. परंतु ज्या मुलामुलींना गणिताचीच गोडी आहे, त्यांच्याबाबतही हा निर्णय पुढे काय आहे हे न पाहताच घेतला जातो.

पुढच्या गणिताची जात निराळी आहे. सूत्रांना सरावलेला विद्यार्थी पुष्कळदा तशाच प्रकारचे, केवळ अधिक किचकट असे काही निवडतो. त्यापेक्षा प्रथम रेषीय बीजगणित घ्यावे. उदाहरण व्यापाऱ्यांच्या परिचयाचे आहे. शर्टिंग, सुटिंग आणि अस्तर यांचे मीटरचे भाव ठाऊक नाहीत. हाती तीन बिले आहेत, प्रत्येकावर मीटर आणि एकूण रक्कम. तीन अज्ञात, तीन समीकरणे, म्हणजे भाव निघावयास हवेत. पण तिसरे बिल पहिल्या दोघांची निव्वळ बेरीज असेल तर? कागद तीन, माहिती दोनांचीच. भाव निश्चित होत नाहीत. मीटर बेरजेइतके आणि रक्कम मात्र वेगळी असेल, तर कोणतेच भाव बसत नाहीत. कोणती माहिती नवी आणि कोणती जुन्याचीच पुनरुक्ती, हे ओळखण्याचे हे शास्त्र आहे.

त्याच्या जोडीला सिद्धतेचा सराव हवा; तो मोजणीच्या गणितातून आणि संख्यासिद्धांतातून होतो. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. दिलेल्या वस्तूंतून हव्या तितक्या निवडण्याचे सर्वसाधारण सूत्र त्यात आहे, आणि उदाहरण षड्‌रसांचे. सहांतून तीन रस 20 प्रकारे निवडता येतात. एकापासून सहापर्यंत सारे मिळून 63 प्रकार होतात. सूत्रात आकडे घालणे बारावीतच जमते. हे उत्तर 64 पेक्षा नेमके एकाने कमी का, हे पटवून देणे म्हणजे पुढचे शिक्षण. (प्रत्येक रस घ्यावा वा सोडावा, असे दोन पर्याय, सर्वच सोडले तो एक प्रकार वजा.) हा ग्रंथ 1963 मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. तो किती घरांत उघडला गेला असेल?

वास्तव विश्लेषण, म्हणजे कॅल्क्युलसचा पाया तपासणारा विषय, त्यानंतर घ्यावा. तेथे अनंताशी गाठ पडते. आगमांत संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद आहेत. म्हणून कॅंटरने 1874 मध्ये सिद्ध केले ते आपल्याकडे आधीच होते, असे म्हणणे सुखावह असले तरी खरे नाही. आगमांत वर्गीकरण आहे. कॅंटरची सिद्धता नाही.

अशा अभ्यासासाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट व भारतीय सांख्यिकी संस्था आहेत. पुण्यात 1976 पासून भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. मुलीचा प्रश्न आला, की चर्चा बहुधा 'इतक्या दूर?' आणि 'चौविहार कसा पाळणार?' येथेच थांबते. चिंता रास्त आहे, पण ती संस्थेला पत्र लिहून, वसतिगृह पाहून मिटविता येते.

अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी ग्रंथालयातून रेषीय बीजगणिताचे एक पुस्तक आणून द्यावे आणि महिनाभर पाहावे. एका प्रश्नावर तीन दिवस अडूनही मूल चौथ्या दिवशी सकाळी आपण होऊन तीच वही उघडत असेल, तर अभियांत्रिकीचा अर्ज थोडा थांबवावा.