उत्तरेकडील पक्ष्यांच्या चोचीचा रोग
(प्राथमिक शिक्षकांच्या सहविचार सभेत दिलेले व्याख्यान)



निसर्ग-निरीक्षण या विषयावर आपणांपुढे आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. ते का शिकवावे हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. आज मी एका रोगाच्या शोधाची हकीकत सांगणार आहे. हा रोग माणसांचा नव्हे आणि गुराढोरांचाही नव्हे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या अलास्का प्रांतातील एका चिमुकल्या रानपाखराचा आहे. इतक्या दूरचा विषय निवडण्याचे कारण एवढेच, की रोगाचे कारण शोधताना मनुष्याची बुद्धी कोणकोणत्या वळणांनी जाते आणि कोठे घाई करू पाहते, हे या हकीकतीत फार स्वच्छ दिसते.

प्रथम त्या पाखराची ओळख करून घेऊ. त्याचे नाव काळ्या टोपीची चिकडी. ‘चिक-अ-डी-डी’ असा त्याचा आवाज, त्यावरूनच हे नाव पडले. आपल्याकडील वल्गुलीच्या कुळातलेच ते पाखरू. वजन सुमारे एक तोळा. थंडी पडू लागली की उत्तरेकडील पुष्कळ पक्षी दक्षिणेकडे निघून जातात. चिकडी मात्र जात नाही. अलास्कातील अँकरेज शहरात डिसेंबरच्या अखेरीस दिवस अवघा साडेपाच तासांचा असतो. तेवढ्या उजेडात पोट भरून घ्यायचे आणि उरलेली सारी रात्र गोठवणाऱ्या थंडीत काढायची, असा तिचा हिवाळा. शरद ऋतूत ती झाडांच्या सालींत, भेगांत बिया लपवून ठेवते. रात्री आपल्या शरीराची उष्णता दहाबारा अंशांनी खाली आणून ती शक्ती वाचवते. अशा प्राण्याच्या संसारात दोनच गोष्टी मोलाच्या: दाणा फोडणारी चोच आणि ऊब धरणारी पिसे. आणि रोग आला तो नेमका चोचीवर.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण-मध्य अलास्कातील लोकांना काही चिकड्या विचित्र दिसू लागल्या. तेथे हिवाळ्यात घराबाहेर पाखरांसाठी दाणापात्र टांगण्याची चाल आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लोकांनी पाहिले, की एखाद्या पाखराची वरची चोच खाली वाकून लांबच लांब झाली आहे, एखाद्याची खालची चोच वर वळली आहे, तर एखाद्याच्या दोन्ही चोची कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींना ओलांडून गेल्या आहेत.

पक्ष्याची चोच म्हणजे आत हाड व वर केराटिनचे आवरण. आपली नखे, गुरांची शिंगे ज्या द्रव्याची बनतात तेच हे द्रव्य. हे आवरण जन्मभर वाढत असते आणि टोचण्याने, घासण्याने झिजतही असते. वाढ व झीज यांचा मेळ असेल तोवर चोच बेतशीर राहते. रोगी चिकड्यांच्या चोचीची वाढ नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने होते, असे पुढे मोजमापांवरून आढळले. मग पाखराला बी उचलता येत नाही, फोडता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे पिसे विंचरता येत नाहीत. ती मळतात, चिकटतात आणि ऊब धरीनाशी होतात. तेथील हिवाळ्यात याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

अँकरेज येथे अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाचे अलास्का विज्ञान केंद्र आहे. तेथील कॉलीन हँडेल व पुढे कॅरोलाइन व्हॅन हेमर्ट या विदुषींनी हा विषय हाती घेतला. प्रारंभीचा आधार होता तो सामान्य नागरिकांच्या पत्रांचा व छायाचित्रांचा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात अशा दोन हजारांहून अधिक चिकड्यांची नोंद आहे, आणि इतर जातींचे शेकडो पक्षी निराळेच.

परंतु येथे एक मेख आहे, आणि ती आपण शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. दोन हजार रोगी पाखरांची बातमी आली, यावरून शेकडा किती पाखरे रोगी आहेत ते कळत नाही. धड पाखरू पाहून कोणी पत्र लिहीत नाही. शिवाय ज्याला रानात दाणा मिळवता येत नाही ते पाखरू दाणापात्राला अधिक चिकटून राहते; म्हणजे रोगी असते तेच डोळ्यांपुढे अधिक वेळ राहते. म्हणून संशोधकांनी जाळी लावून पाखरे धरली, पायांत क्रमांकाची कडी अडकवली, आणि रोगी असोत वा धड, सर्वांची मोजदाद केली. तेव्हा असे दिसले, की प्रौढ चिकड्यांत शेकडा सुमारे ६.५ रोगी आहेत. रानपक्ष्यांत चोचीचे व्यंग एरवी शेकडा एकाहूनही कमी आढळते. किनाऱ्यावरील कावळ्यांत तर हे प्रमाण शेकडा १७ च्या घरात निघाले. जे दिसते ते सर्वांचे माप नव्हे; धडांचीही मोजणी झाली तेव्हाच रोगाचा खरा आकार कळला.

आता कारण कोणते? पहिला संशय गेला तो विषारी द्रव्यांवर, आणि तो अवाजवीही नव्हता. १९८३ साली कॅलिफोर्नियातील केस्टरसन जलाशयावर पाणपक्ष्यांची पिल्ले विकृत निपजत असल्याचे आढळले होते. शेतीच्या निचऱ्याचे पाणी त्या जलाशयात सोडले जाई आणि त्याबरोबर सेलेनियम हे मूलद्रव्य तेथे साचले होते. तेव्हा अलास्कातही असेच काही असेल, असे कोणासही वाटावे. पण एक गोष्ट जुळत नव्हती. केस्टरसनचे व्यंग अंड्यातच घडत होते. अलास्कातील रोग मात्र मुख्यत्वे वाढ झालेल्या पक्ष्यांत दिसत होता. पाखरू धड जन्मे, धड वाढे आणि मग त्याची चोच बिघडे. रोग्यांचे वय कोणते, या एका साध्या प्रश्नाने संशयाची दिशा पालटू लागली. तरीही संशोधकांनी विषद्रव्ये तपासण्याचे सोडले नाही. आहारातील उणिवा, जंतू, बुरशी हेही पाहिले. काहीच ठामपणे हाती लागेना. अशी वर्षांमागून वर्षे गेली.

पुढे मॅक्सीन झिल्बरबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग धरला. अमुक जंतू आहे काय असे न विचारता, रोगी पाखराच्या शरीरात जे जे आनुवंशिक द्रव्य सापडेल ते सारे वाचून काढावयाचे, आणि त्यात पाखराचे नसलेले असे काय आहे ते पाहावयाचे. या रीतीने एक पूर्वी अज्ञात असलेला विषाणू सापडला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. चिकडीच्या शास्त्रीय नावावरून त्याला पोएसीव्हायरस म्हणू लागले. तपासलेल्या सर्व रोगी चिकड्यांत तो आढळला; धड दिसणाऱ्या चिकड्यांत मात्र दहांत एखादीत. त्यानंतर अशीच चोच असलेल्या इतर जातींच्या पक्ष्यांतही तो मिळाला.

एवढ्यावरून विषाणूनेच रोग होतो असे म्हणावे काय? वाचकाला तसे म्हणावेसे वाटते. संशोधकांनी मात्र ‘संबंध आढळला’ एवढेच शब्द वापरले. अशक्त पाखराला विषाणू सहज लागतो, असेही होऊ शकते. विषाणू वेगळा काढून, धड पाखराला दिल्यावर तोच रोग उद्भवला पाहिजे, ही कसोटी जुनी आहे आणि कडकही आहे. मला तर या सबंध हकीकतीत त्या विषाणूपेक्षाही हा शब्दांचा संयम अधिक मोलाचा वाटतो.

संयम का हवा, हे दुसऱ्या बाजूनेही दिसते. २०१५-१६ च्या सुमारास अलास्काच्याच किनाऱ्यावर गिलेमॉट नावाचे समुद्रपक्षी मरून पडू लागले. बासष्ट हजारांच्या आसपास कलेवरे मोजली गेली. साथ म्हणावी असेच ते दृश्य. पण शरीरे उघडून पाहता दिसली ती उपासमार. समुद्राचे पाणी असाधारण तापले होते आणि पक्ष्यांच्या भक्ष्याची मासळी दुर्मीळ झाली होती. प्रत्यक्षात मेलेले पक्षी किनाऱ्यास लागलेल्यांहून कितीतरी पटींनी अधिक होते. सुमारे चाळीस लक्ष, म्हणजे अलास्कातील त्या जातीचे निम्मे, असा हिशेब २०२४ साली पुढे आला.

आणि आपल्या देशातील गिधाडे? १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली, तेव्हा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूर येथील नोंदींवरून धोक्याची सूचना दिली. पुष्कळांचा संशय विषाणूवर होता. २००४ साली लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासावरून दाखवले, की कारण होते डायक्लोफेनॅक, गुरांना देण्यात येणारे वेदनाशामक औषध. ते दिलेले जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारतात या औषधाचा गुरांसाठी वापर बंद करण्यात आला. तोवर गिधाडांच्या तीन जाती शेकडा नव्वदांहून अधिक घटल्या होत्या. तिकडे विषाचा संशय आणि निघाला विषाणू. इकडे विषाणूचा संशय आणि निघाले औषध.

अलास्कातील लोकांपुढे दाणापात्राचा पेच आहेच. दाणे घालावेत तर रोगी पाखरू तगते, पण एकाच पात्रावर धड व रोगी एकत्र येतात. न घालावेत तर रोगी पाखरू उपाशी मरते. पात्रे वरचेवर रिकामी करून, ब्लीचच्या एका भागात नऊ भाग पाणी मिसळून धुवावीत व वाळवून मगच भरावीत, असे तेथे सांगतात. रोगी पाखरू दिसल्यास तारीख, ठिकाण, जात व चोचीचा आकार कळवावा आणि जमल्यास छायाचित्र पाठवावे, असेही विज्ञान केंद्राचे आवाहन असते. पायांत कडे असेल तर त्याचे रंग लिहून घ्यावेत; कारण त्या कड्यावरून तेच पाखरू गेल्या हिवाळ्यात धड होते की नाही, हे वहीत शोधता येते.