बँका कोणाच्या आणि कर्ज कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात नोंदला गेलेला तो हाच उठाव. शेतकऱ्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते जेथे हाती लागले तेथे त्यांची होळी झाली. सरकारने चौकशी केली, 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचाही कायदा आला. आणि एवढे होऊन, सुप्याच्या प्रसंगानंतर पाऊणशे वर्षांनी, 1951-52 साली गोरवाला समितीने देशभर पाहणी केली तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा शेकडा 0.9 निघाला! सहकारी संस्थांचा 3.1 होता आणि सावकारांचा जवळजवळ 70. या समितीवर धनंजयराव गाडगीळ होते, हे महाराष्ट्रात तरी विसरले जाऊ नये.

बँका नव्हत्या असे नाही. पण त्या जन्मल्या बंदरांत. कलकत्त्याचा ताग, मुंबईचा कापूस, कोलंबोचा चहा परदेशी रवाना करण्यासाठी लागणारा पैसा पुरविणे हे त्यांचे काम. पुढे देशी बँका निघाल्या, त्याही बहुतांशी व्यापारी व गिरणीमालक घराण्यांभोवती. पाकिस्तानातील हबीब बँकेचा जन्म 1941 मध्ये मुंबईतच झाला. फाळणीनंतर ती कराचीला गेली. 1968 मध्ये पाकिस्तानच्या नियोजन मंडळाचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी जाहीर केले, की देशातील 22 घराण्यांच्या हाती बँक व्यवसायाचा 80 टक्के भाग आहे. ठेवी जनतेच्या आणि कर्जे संचालकांच्याच कारखान्यांना, हा या व्यवस्थेचा गाभा. भारतातले चित्र फार वेगळे नव्हते. 1967 मध्ये बँकांच्या एकूण कर्जात शेतीचा वाटा सुमारे दोन टक्के होता, आणि शेतीवर जगणारी माणसे शेकडा सत्तर!

म्हणून राष्ट्रीयीकरणाची मागणी ही कोणा एका पंतप्रधानांच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. श्रीलंकेने 1961 मध्येच बँक ऑफ सिलोन ताब्यात घेतली आणि सहकारी चळवळीला पतपुरवठा करण्यासाठी पीपल्स बँक स्थापन केली. भारतात 19 जुलै 1969 रोजी 14 बँका सरकारच्या झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1970 मध्ये तो कायदा रद्द ठरविल्यावर काही दिवसांतच नवा वटहुकूम निघाला, आणि 1980 मध्ये आणखी सहा बँकांची भर पडली. बांगलादेशाने 1972 मध्ये, पाकिस्तानने 1 जानेवारी 1974 रोजी तेच केले.

या पावलाने काय साधले, हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. 1969 मध्ये भारतातील ग्रामीण शाखा दोन हजारही नव्हत्या. 1991 पर्यंत त्या सुमारे 35 हजार झाल्या. शहरात एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा, हा 1977 चा दंडक त्यामागे होता. ग्रामीण कुटुंबांच्या कर्जात बँका, सहकारी संस्था व सरकार यांचा एकत्रित वाटा 1971 मध्ये सुमारे 29 टक्के होता, तो दहा वर्षांत 61 वर गेला. कोणत्याही खाजगी बँकेने नफ्याच्या ओढीने हे केले नसते.

पण येथेच थांबले तर ती आत्मवंचना होईल. शाखा गावात आली. तिच्या काउंटरपलीकडचा माणूस मात्र सातबाराच मागत राहिला. ज्याच्या नावावर जमीन, विहीर आणि ऊस त्याला कर्ज. जो वाट्याने किंवा खंडाने जमीन कसतो त्याचे नाव उताऱ्यावर नाही, आणि ते लागू नये याची दक्षता मालक घेतो. हा शेतकरी 1969 पूर्वी सावकाराकडे जात होता, नंतरही तेथेच जात राहिला. भूमिहीनांसाठी म्हशी-शेळ्यांच्या योजना निघाल्या, उद्दिष्टांचे आकडे पुरे करण्यासाठी कर्जमेळावे भरले. मंत्र्यांच्या हस्ते वाटलेल्या कर्जाची वसुली कोण करणार? थकबाकी वाढली, आणि तिचे खापर गरिबांच्या माथी फोडले गेले. वस्तुतः बुडीत कर्जांतील मोठमोठ्या रकमा बड्या उद्योगांच्याच नावावर असतात.

1991 नंतर या थकबाकीचीच सबब पुढे करून घड्याळ उलटे फिरविण्यात आले. चारास एक हा दंडक आधीच गेला होता. ग्रामीण शाखा पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे 32 हजारांवर आल्या. ग्रामीण कर्जात सावकारांचा वाटा 1991 मध्ये 17.5 टक्के होता; 2002 च्या पाहणीत तो जवळजवळ 30 निघाला.

खाजगीकरण हा उपाय असता तर शेजारी देशांत तो दिसायला हवा होता. पाकिस्तानने 1991 पासून 2004 पर्यंत बड्या बँका विकल्या. त्या नफ्यात आल्या, पण त्यांचा पैसा वळला तो मुख्यतः सरकारी रोख्यांकडे; लहान शेतकरी व कारागीर बाहेरच राहिले. बांगलादेशात एकाच उद्योगसमूहाच्या मुठीत अनेक खाजगी बँका गेल्या, आणि ऑगस्ट 2024 मध्ये सत्तांतर झाल्यावर मध्यवर्ती बँकेला एकामागून एक संचालक मंडळे बदलावी लागली. संचालकाने स्वतःलाच कर्ज देण्याचा तो 22 घराण्यांचा जुना खेळ नव्या नावाने चालू होता, एवढेच.

त्याच बांगलादेशात एक वेगळा प्रयोगही झाला. 1976 मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात तारणाविना लहान कर्जे देण्यास प्रारंभ झाला. 1983 मध्ये त्याची ग्रामीण बँक झाली. कर्जदार स्त्रिया तिच्या भागधारक होत्या, आणि संचालक मंडळातील 13 पैकी 9 जागा त्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या होत्या. या पद्धतीचा उदो उदो करण्याचे कारण नाही. तिचीच नक्कल नफ्यासाठी केली गेली तेव्हा आंध्र प्रदेशात काय झाले, हे 2010 मध्ये दिसले: वसुलीच्या जाचाने आत्महत्या आणि अखेर सरकारचा वटहुकूम. परंतु कर्जदार संचालक होऊ शकतो, एवढे तरी जोब्राने सिद्ध केले.

भारताच्या 1970 च्या कायद्यातही कर्मचारी, ठेवीदार, शेतकरी, कामगार व कारागीर यांच्या प्रतिनिधित्वाचा विचार होता. तो कागदावरच राहिला. ठेवीदार-शेतकऱ्यांच्या नावाने सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील माणसे बसविली गेली, आणि अलीकडे तर कर्मचारी संचालकांच्या जागाही वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. सरकारच्या मालकीची बँक आणि समाजाच्या मालकीची बँक यांत जे अंतर आहे ते या रिकाम्या खुर्च्यांएवढे आहे.

कार्यकर्त्यांनी खाजगीकरणाविरुद्धच्या मोर्चात जरूर जावे. पण त्याआधी आपल्या तालुक्यातील शाखेत जाऊन विचारावे, की गावाच्या ठेवी किती, त्यांपैकी गावात कर्ज किती, आणि ते कोणत्या आकाराच्या जमिनीच्या मालकांना. अग्रणी बँकेच्या जिल्हा समितीसमोर हेच आकडे मांडावेत. आणि खंडाने जमीन कसणाऱ्यांची यादी गावोगाव करावी. आंध्र प्रदेशाने 2011 मध्ये अशा शेतकऱ्यांना कर्जपात्रतेचे ओळखपत्र देण्याचा कायदा केला. मालकांच्या भीतीने व बँकांच्या अनास्थेने तो लंगडा पडला, तरी महाराष्ट्रात तशी मागणी लावून धरायची तर हातात आधी ती यादी हवी.