घरगुती कार्यशाळेतील रेडियल इंजिन आणि कौशल्याचे अर्थशास्त्र

(चंडीगढ येथे मराठी भाषकांच्या एका स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने लेथपाशी उभे राहून काय साधायचे, असा प्रश्न मला घरातून आणि बाहेरूनही अनेकदा विचारला जातो. गेल्या चार वर्षांत सुट्टीच्या दिवसांतील वेळ काढून मी घराच्या गॅरेजमध्ये पाच सिलिंडरच्या रेडियल इंजिनाचे एक चालते प्रतिरूप तयार केले. सिलिंडरचा अंतर्व्यास २४ मिलिमीटर, दट्ट्याची धाव २२ मिलिमीटर, म्हणजे पाचही मिळून सुमारे ५० घन सेंटीमीटर. मोपेडच्या इंजिनाएवढाच हा आकार. या निमित्ताने कौशल्य नेमके कोठे साठवलेले असते आणि विकासाच्या हिशेबात ते का दिसत नाही, याचा विचार आपल्यासमोर मांडावा असे ठरवले आहे.

रेडियल इंजिन म्हणजे ज्यात सिलिंडर एका ओळीत नसून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्यभागाभोवती मांडलेले असतात असे इंजिन. वाहत्या हवेने प्रत्येक सिलिंडर सारखाच थंड होतो, पाण्याची व्यवस्था लागत नाही, क्रँकशाफ्ट आखूड राहतो आणि वजन कमी होते. म्हणूनच जेट इंजिने रूढ होण्यापूर्वी विमानविद्येत त्याचे मोठे प्रस्थ होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणारी आणि मे १९४८ मध्ये लेहच्या धावपट्टीवर प्रथमच उतरलेली डाकोटा विमाने चौदा सिलिंडरच्या रेडियल इंजिनांवर चालत. लडाखची हवाई रसद आज ज्या शहरातून मोठ्या प्रमाणावर जाते, त्या चंडीगढमध्ये या इंजिनाची आठवण काढणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रतिरूप म्हटले की खेळणे, असा आपला समज असतो. इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांनी आपल्या नियोजित विमानाची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती केली होती. तिच्यात पेट्रोलवर चालणारे पाच सिलिंडरचे छोटे रेडियल इंजिन होते आणि ८ ऑगस्ट १९०३ रोजी ती माणसाविना उडाली. त्याच वर्षी ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये पूर्णाकार विमान दोनदा नदीत कोसळले, आणि १७ डिसेंबरला राइट बंधूंनी बाजी मारली. मात्र चार्ल्स मॅन्ली यांनी त्या पूर्णाकार विमानासाठी सिद्ध केलेले ५२ अश्वशक्तीचे इंजिन त्या काळातील एक उत्कृष्ट इंजिन होते. थोडक्यात, विमानाच्या इतिहासात रेडियल इंजिन आधी प्रतिरूपाच्या आकारात उडाले.

इंजिनाची अंतर्रचना

सिलिंडरांची संख्या विषम का असते, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते. पाच सिलिंडर असतील तर १, ३, ५, २, ४ असा, म्हणजे एक सोडून एक, क्रम लावता येतो. दोन फेऱ्यांत पाचही सिलिंडर पेटतात आणि दोन ज्वलनांमधील अंतर १४४ अंश इतके समान राहते. संख्या सम असेल तर एक सोडून एक जाताना पहिल्या फेऱ्याअखेर आपण पुन्हा आरंभीच्याच सिलिंडरपाशी येतो आणि निम्मे तसेच राहून जातात. दहा झडपा उघडण्यासाठी दहा स्वतंत्र कॅम लागत नाहीत. एकच कडे, त्यावर आत घेण्याच्या आणि बाहेर टाकण्याच्या झडपांसाठी दोन पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर दोन उंचवटे. हे कडे क्रँकशाफ्टच्या उलट दिशेने एक चतुर्थांश वेगाने फिरवले की सर्व झडपा आपापल्या वेळी उघडतात. इतक्या कमी साधनांत इतके काम करून घेणारी रचना पाहिली की काटकसर या शब्दाचा अर्थ अर्थशास्त्रज्ञालाही नव्याने कळतो.

क्रँककेस ॲल्युमिनियमच्या जाड गजातून कापून काढावी लागते. तिच्या पाच बाजू ७२ अंशांच्या अंतराने हव्यात. मिलिंग यंत्रावरील डिव्हायडिंग हेडची मूठ चाळीस वेळा फिरवली की वस्तूचा एक फेरा होतो, म्हणून प्रत्येक बाजूसाठी बरोबर आठ फेरे. सात सिलिंडर असते तर पाच फेरे आणि एकवीस भोकांच्या वर्तुळावर पंधरा भोके, असा हिशेब करावा लागला असता. सिलिंडर पोलादाचे, त्यांवर हवेने थंड होण्यासाठी पातळ पंखे कोरलेले. क्रँकशाफ्टसाठी अधिक चिवट मिश्रपोलाद. दट्ट्याची कडी बिडाची, आणि तो बिडाचा गज बटाल्याच्या ओतशाळेतला.

खरी कसोटी मोजमापात लागते. आपल्या या शहरात जानेवारीच्या सकाळी गॅरेजमध्ये ८ अंश तापमान असते आणि जूनच्या दुपारी ४०. शंभर मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची क्रँककेस एवढ्या फरकाने ०.०७ मिलिमीटरहून अधिक वाढते. मोजणारे मायक्रोमीटर पोलादाचे असल्याने तेही वाढते, पण निम्म्यानेच. परिणामी तीच वस्तू, त्याच साधनाने, तोच माणूस मोजत असूनही दोन ऋतूंतील मापांत सुमारे ०.०३५ मिलिमीटरचा फरक पडतो. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये ठेवायची फटही साधारण तेवढीच असते! म्हणून जगभर लांबीची मापे २० अंश सेल्सियसला प्रमाण धरतात. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा देशाची मूळ मापे जपते आणि त्यांच्याशी ताडून पाहिलेली मापे पायरीपायरीने कारखान्यांपर्यंत येतात. अर्थशास्त्राच्या भाषेत ही सार्वजनिक वस्तू आहे. माझ्या गॅरेजमधील मायक्रोमीटर तिच्यावर फुकट विसंबलेले असते.

एकट्याचे काम एकट्याचे नसते

येथे थोडे मागे जावे लागेल. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण अशा वेळी हटकून होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेतील अध्यापन सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९४१ मध्ये कर्नाटकातील हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना निघाला आणि तेथील लेथ देशभर पोहोचले. तो कारखाना या शतकाच्या आरंभी बंद पडला, तरी त्याचे लेथ आजही जुन्या बाजारात मिळतात आणि चोख चालतात. माझा लेथ त्यांपैकीच एक.

मिलिंग यंत्र मात्र येथलेच, पिंजोरचे. चंडीगढपासून जवळच असलेल्या पिंजोरला हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना १९६३ मध्ये सुरू झाला. तेथे मिलिंग यंत्रे बनत, नंतर १९७१ पासून ट्रॅक्टरही. ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. साठच्या दशकाच्या आरंभी या परिसरात तांत्रिक संस्थांचे जे जाळे विणले गेले, त्याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९५९ मध्ये स्थापन होऊन लवकरच चंडीगढला आली. तिच्या आवारात १९६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सहकार्याने इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्र निघाले आणि घड्याळजींच्या देशाची कामाची शिस्त पंजाबी मुलांच्या हातात आली. लाहोरहून फाळणीनंतर विस्थापित झालेले पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालय १९५३ मध्येच येथे स्थिरावले होते. कल्पना चावला यांनी १९८२ मध्ये तेथूनच विमानविद्येची पदवी घेतली. तेजस विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर माहिती दाखवणारे उपकरण याच उपकरण संघटनेने विकसित केले. मोठ्या संस्थांचे हे यश सर्वांना दिसते. त्यांच्या भोवतीच्या वस्त्यांत त्याच काळात हजारो टर्नर, फिटर, मिलिंग कारागीर घडले, ते मात्र कोणत्याही अहवालात ठळकपणे येत नाहीत.

मला लेथ शिकवणारे गृहस्थ अशा पिढीतले. वय सत्तरीच्या पुढे. आम्ही त्यांना उस्तादजी म्हणतो. सिलिंडरचे पंखे कापताना हत्यार थरथरू लागले की कापाचा आवाज बदलतो. तो आवाज बदलण्याच्या क्षणभर आधी उस्तादजींचा हात वेग कमी करतो. हे कसे कळते, असे विचारले तर ते म्हणतात, "जी, कान से." यापुढे स्पष्टीकरण नाही. मायकेल पोलान्यी यांनी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले ते हेच. पुस्तकात उतरत नाही आणि शेजारी उभे राहिल्याशिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

या ज्ञानाचे मोजमाप अगदीच अशक्य मात्र नाही. थिओडोर राइट (विमानवाले राइट बंधू वेगळे) यांनी १९३६ मध्ये दाखवले की विमानांचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर विमानामागे लागणारे श्रम साधारण वीस टक्क्यांनी घटतात. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये 'करता करता शिकणे' ही संकल्पना मांडताना याच निरीक्षणाचा आधार घेतला. माझ्या वहीत पाच सिलिंडरांना लागलेले तास लिहिलेले आहेत: २१, १८, १४, १३ आणि १२. राइट यांच्या नियमाने पाचव्याला साडेबारा तास यायला हवे होते. पाच नगांवरून सिद्धांत मांडू नये हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, पण आकडे पाहून आनंद झाला हेही खरे.

आता हिशेबाकडे वळू. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार कुटुंबाने स्वतःसाठी तयार केलेल्या वस्तू तत्त्वतः उत्पादनात धरल्या जातात. व्यवहारात मात्र प्रमाण लक्षणीय असेल तरच. म्हणजे माझे इंजिन तत्त्वतः राष्ट्रीय उत्पन्नात आहे, प्रत्यक्षात नाही. त्याने मी दुःखी नाही. परंतु उस्तादजींनी मला शिकवलेले, आणि पिंजोरसारख्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या त्यांच्या बरोबरीच्या लोकांच्या हातात आजही असलेले कौशल्य मत्ता म्हणून कोठेच नोंदले जात नाही. कारखान्याचे यंत्र जुने झाले की घसारा लिहिला जातो. कारागीर जातो तेव्हा वहीत काहीच कमी होत नाही, कारण मुळात काही जमाच नव्हते. पुढील दहा-पंधरा वर्षांत ही पिढी आपल्यातून जाईल. माझ्या मते या प्रदेशाच्या औद्योगिक विकासापुढील हा तातडीचा प्रश्न आहे, आणि जमिनीच्या किंवा करसवलतींच्या चर्चेत तो हरवून जातो.

यावर आक्षेप घेतला जाईल की संगणकनियंत्रित यंत्रांच्या युगात कान आणि हात कशाला? पाच अक्षांचे यंत्र क्रँककेस थोडक्या वेळात कापून देईल, हे मान्य. पण वस्तू कशी धरायची, कोणती बाजू आधी कापायची, पातळ भिंत दाबाखाली वाकणार नाही ना, हे यंत्राला सांगावे लागते. सांगणाऱ्याने कधीतरी स्वतः धातू कापलेला असावा लागतो. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान उभे करून फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मांडणारे वैमानिक अमोल यादव घ्या, किंवा पुण्यात १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय घ्या. दोन्ही ठिकाणी छंदाच्या जागेत जे साधले ते बाजाराने मागितलेले नव्हते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ नंतर हजारोंच्या संख्येने निघाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० ची घोषणा झाली. तेथे भर आहे तो इलेक्ट्रॉनिक्सवर आणि त्रिमितीय छपाईवर. धातू कापणे त्यात अभावानेच येते. पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची योजना २०१५ पासून आहे. ती कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. त्याला शिकवायला बोलावत नाही. निदेशक व्हायचे तर वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी पात्रता लागते, आणि सत्तरीतला टर्नर ती मिळवायला जाणार नाही हे उघड आहे.

माझी सूचना फार खर्चाची नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील लेथ आणि मिलिंग यंत्रे संध्याकाळी स्तब्ध उभी असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती नागरिकांसाठी शुल्क आकारून खुली करावीत आणि एका निवृत्त कारागिराला मानधनावर तेथे बसवावे. अभ्यासक्रम नको, परीक्षा नको. कोणी रेडियल इंजिन करील, कोणी शेतीपंपाचा सुटा भाग, कोणी नुसते पाहील. घरी लेथ ठेवणे ज्यांना परवडते त्यांची संख्या थोडी आहे, आणि चंडीगढच्या निवासी सेक्टरांत शेजाऱ्यांची सहनशीलताही अमर्याद नाही. अडचणी दोन दिसतात. पहिली विजेच्या देयकाची, ती शुल्कातून सुटेल. दुसरी अधिक अवघड: संस्थेचा प्रशिक्षणार्थी नसलेल्या माणसाला यंत्रावर इजा झाली तर जबाबदारी कोणाची? ज्या प्राचार्यांशी मी बोललो, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. त्यामुळे सुरुवात अपघात विम्याच्या मसुद्यापासून करावी लागेल, आणि तो मसुदा तयार करण्याचे काम मी सध्या हाती घेतले आहे.